अर्थाला पाणी

राळेचा वास आधी आठवतो. सोल्डरिंगचे तापलेले टोक पिवळ्या राळेच्या खड्यावर टेकले की चर्र असा लहानसा आवाज होई आणि धुराची निळसर दोरी बाबांच्या कपाळापर्यंत चढून तिथे सुटून जाई. त्या धुरात थोडे जंगल असे, थोडे देवघर, आणि खाली जळक्या रबराची कडवट किनार. शाळेतून परतताना दुकान दिसण्याआधी तो वास भेटे. आजही कुठे राळ जळाली की माझे पाय आपोआप हळू होतात.

पांढुर्ण्याच्या नागपूर रोडवर बाबांचे ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान होते. ट्रॅक्टर, जीप, संत्र्याचे ट्रक, लग्नाच्या हंगामात भाड्याने फिरणाऱ्या गाड्या, यांच्या अंगातली वीज बाबा पाहत. इंजिनाला ते हात लावत नसत. ते दुसऱ्याचे काम. मात्र इंजिनाबद्दल जे सांगितले जाते, ते खरे की खोटे, हे ठरवणे त्यांचे. म्हणून डॅशबोर्डवरच्या मीटरांवर त्यांचा जीव होता. इंजिन किती तापले, तेलाचा दाब किती, डिझेल किती उरले, हे सांगणारे छोटे काटे. इंजिनात एक पितळी बोंड बसवलेले असते. त्याला आमच्या दुकानात ‘बल्ब’ म्हणत. तो उजेड देत नाही, नुसती ऊब ओळखतो आणि तारेवाटे काट्याला कळवतो.

काटा खोटे बोलतो असा संशय आला की बाबा शेजारच्या टपरीवरून उकळत्या पाण्याची किटली मागवत. बल्ब तारेसकट त्या पाण्यात सोडत आणि मला मीटरसमोर बसवत. पाणी उकळते आहे हे डोळ्यांना दिसत असे. काट्यालाही ते दिसते का, एवढेच पाहायचे. तो थरथरत, लाजत, लाल रेषेकडे चढू लागला की मी ओरडून सांगे. बाबा म्हणत, “काट्यावर भरोसा नोको ठेवू. पाण्यावर ठेव.”

आणि दुसरा शब्द होता ‘अर्थ’. बॅटरीतून निघालेली वीज काम करून परत बॅटरीकडे जाते. ती परतीची वाट गाडीच्या लोखंडी अंगातूनच असते, आणि त्या वाटेला या धंद्यात अर्थ म्हणतात. निम्मे आजार अर्थाचे. गंजलेला नट, रंगाखाली दबलेला पत्रा, सुटलेली तारेची वेणी, आणि लगेच काटे बहकतात. बाबा बोनेटखालून बोलत: “अर्थ नाही भेटून राहिला.” “अर्थ कच्चा हाय.” “जवळचं लोखंड पाह्य, घास, अन् अर्थ बांध.” मी तेव्हा सातवीत होते. पाठ्यपुस्तकातल्या कवितेखाली ‘अर्थ स्पष्ट करा’ असे छापलेले असे, आणि बाबा कानशीने नट घासून तो स्पष्ट करत. हा श्लेष मला फार आवडला. पुढे मराठी घेऊन एम. ए. झाले, सौंसरला शिकवू लागले, तेव्हाही वर्गात कवितेचे दार उघडेनासे झाले की मी मुलांना ही गोष्ट सांगे. मुले हसत. त्या शब्दाचा मी इतका वापर केला की तो मला माझ्याच मालकीचा वाटू लागला.

घराच्या अंगणातही एक अर्थ होता. बाबांनी स्वतः खड्डा खणून, तांब्याची पट्टी उभी करून, तिच्याभोवती मीठ आणि कोळसा भरून वर माती लोटली होती. घरातल्या विजेची ती जमिनीकडे जाणारी वाट. माती सुकली की वाट बंद होते, म्हणून उन्हाळ्यात रोज तिथे पाणी घालावे लागे. ते काम माझे. संध्याकाळी दुकानातून आल्या-आल्या बाबा विचारत, “अर्थाले पाणी टाकलं काय?” मी बादली ओतत असे आणि ओल्या कोळशाचा, खारट, थंड वास पायांशी येई.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बाबांना लकवा झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि त्यांच्यासोबत शब्द. शब्द पूर्णपणे गेले असते तर मन कधीतरी निवले असते. ते गेले नाहीत, त्यांच्या जागा बदलल्या. चमच्याला बाबा ‘पाना’ म्हणत. खिडकीला ‘काच’, कधी ‘बोनेट’. मला ‘वही’ म्हणत. आईला ‘बॅटरी’. आई जेवणाचे ताट घेऊन येई आणि शेजारणींना सांगे, “चाळीस वर्षं मीच तं चार्ज ठेवलं यायले. आता बॅटरी म्हणून राहिले तं चुकलं काय?” शेजारणी हसत, आईही हसे, ताट ठेवून आत गेली की बराच वेळ भांड्याचाही आवाज येत नसे.

मी एका वहीत ते शब्द लिहू लागले. डावीकडे बाबांचा शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ. शनिवारी सौंसरहून पांढुर्ण्याला यायचे, आठवडाभरात आईने ऐकलेले शब्द विचारून घ्यायचे, आणि जुळवत बसायचे. हळूहळू ध्यानात आले की बाबांचा चुकीचा शब्द कधीही वाट्टेल तिथला नसतो. खऱ्या शब्दाच्या तो शेजारी राहतो, एक घर सोडून. पाना आणि चमचा, दोन्ही मुठीत धरायचे. एवढे कळले की उरलेले आपोआप उलगडेल, असे मला वाटत असे. मी आयुष्यभर तेच तर शिकवत होते.

डॉक्टरांनी मात्र हात वर केले होते. बोलणे बिघडले आहे हे दिसते, म्हणाले. पण आतली समज किती उरली आहे, ते आम्ही मोजून सांगू शकत नाही. घरी परतताना हेच एक वाक्य माझ्या कानात राहिले. इंजिन धड आहे आणि फक्त काटा बिघडला आहे, की इंजिनच गेले आहे? दुकानात जो प्रश्न बाबा पाच मिनिटांत सोडवत, तो मी दोन वर्षे उराशी घेऊन हिंडत होते. मला उत्तरही एकच हवे होते. आत बाबा पूर्ण आहेत, हे मला स्वतःला, आईला, सगळ्या गावाला दाखवून द्यायचे होते.

त्यांच्या चाकांच्या खुर्चीसाठी मी अंगणात फरशी बसवून घेतली. खुर्ची उंबऱ्यापासून फाटकापर्यंत बिनधक्क्याची जाऊ लागली. त्या कामाचा मला अभिमान होता.

गेल्या चैत्रात एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. रामाकोन्याच्या पुढच्या एका जलाशयावर मच्छीमारांची समिती आहे, तिचा तो नावाडी. पन्नाशीचा, उन्हाने जांभळा पडलेला. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. बाबांच्या दुखण्याची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. दुकान बंद दिसले म्हणून पत्ता विचारत घरी आला आणि बाबांना खुर्चीत पाहून चप्पल हातात धरून तसाच थांबला. आईने पाणी दिले. आता काही बोलायला हवे म्हणून, केवळ शिष्टाचारापोटी, त्याने आपली अडचण बाबांना सांगितली. समितीने समुद्रकाठाहून जुनी इंजिनाची नाव आणली होती. जाळी नेते, पलीकडच्या टोल्यावरच्या, तिथल्या लहानशा वस्तीतल्या बायांना बाजाराला आणते. पण तिचे मीटर वेडे झाले होते.

“दिवा लावला का काटा उड्या मारते, मिस्त्री. दिवा बंद केला का गुमान बसते. इंजन तं एकसारखं चालून राहिलं.”

बाबा खुर्चीत पुढे सरकले. डावा हात उचलून त्यांनी फाटकाकडे दाखवले आणि म्हणाले, “गाडी.”

आई नको म्हणत होती. उन्हाचे, इतक्या दूर, आणि पाण्यावर. तिचे म्हणणे वाजवी होते. मी ऐकले नाही. पुढच्या रविवारी भाड्याच्या गाडीत बाबांना बसवले, त्यांची हत्यारांची पेटी मांडीवर घेतली आणि निघाले. जामसांवलीच्या देवळाच्या कमानीपाशी आईने गाडी थांबवायला सांगितले होते, तशी थांबवली. बाबांनी डावा हात कपाळाला लावला. सौंसर मागे पडले. उतरलेल्या कपाशीच्या काड्यांचे ढीग बांधांवर होते आणि खिडकीतून मृग बहाराच्या संत्र्यांचा, सालीत नख घुसल्यासारखा, तिखट वास येऊन जात होता. बाबा सगळा वेळ पेटीवर बोटे वाजवत होते. इतके जागे ते मला दोन वर्षांत दिसले नव्हते.

नाव पांढरी होती, खडबडीत, फायबरची. नावाड्याने आणि आणखी एकाने बाबांना खुर्चीसकट उचलून आत ठेवले. पाण्याला शेवाळाचा, ओल्या दोरखंडाचा वास होता आणि नाव डुलली की तळाशी पोकळ टप् टप् असा आवाज होई, जसा रिकाम्या डब्यावर बोट वाजवल्याचा. तो आवाज मी ऐकला होता. हे मी लिहून ठेवते, कारण पुढे त्याचा जाब मला स्वतःला द्यायचा होता.

इंजिन सुरू केले. बाबांनी दिव्याच्या बटणाकडे बोट दाखवले. मी ते दाबले. तापमानाचा काटा टुणकन वर गेला. बंद केले, खाली आला. पुन्हा. तिसऱ्यांदा बाबा हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण ते दुकानातले, रोग सापडल्याचे हसू होते. मलाही कळले. दिव्याची वीज आणि काट्याची वीज एकाच अरुंद वाटेने परतत होती आणि एकमेकींना ढकलत होती. अर्थ कच्चा. नावाड्याला मी मोठ्या आवाजात सांगितले की मिस्त्रींनी रोग पकडला. माझा आवाज तेव्हा कसा झाला असेल, याची आज लाज वाटते.

पॅनेल उघडले. इंजिनातल्या बल्बकडून दोन तारा येत होत्या. एक काट्याला गेलेली, दुसरी परतीची. दुसरी कुजून हिरवी पडली होती. मी नवी तार घेतली, टोक सोलले, आणि लहानपणीचा धडा आठवला: जवळचे लोखंड पाहा, घासा, बांधा. सुकाणूच्या खाली लोखंडी चौकट होती. मी कानशीने तिचा कोपरा उजळवला.

तेव्हा बाबा म्हणाले, “माती.”

मी वर पाहिले. ते डावा हात आडवा हलवत होते. “माती. नाही. माती नाही.”

नावाडी हसला, त्याच्या हसण्यात खोट नव्हती. “माती हाय ना, मिस्त्री. खाली हाय, चाळीस हात. काढून देऊ काय?”

दुसराही हसला. आणि मी हसले. मग बाबांचा गुडघा थोपटून म्हटले, झालं बाबा, बांधून राहिली नं मी. मला वाटले, पाण्याची भीती वाटते आहे. आमच्याकडे कुणाच्या अंत्यविधीला जाणे म्हणजे मातीला जाणे. मला वाटले, एवढे पाणी पाहून त्यांच्या मनात तेच आले असावे, आणि ते मला सांगत आहेत की अजून नाही. माझे डोळे भरले. मी, कवितेवर वाढलेली बाई, त्या दोन शब्दांतून मृत्यूपर्यंत पोहोचले आणि हाताजवळची गोष्ट मला दिसली नाही.

तार बांधली. दिवा लावला. काटा हलला नाही. निम्म्याच्या थोडा खाली, शांत, आज्ञाधारक बसून राहिला. नावाड्याने हात जोडले. बाबा मात्र काट्याकडे पाहत नव्हते. त्यांनी फळीवरच्या चहाच्या किटलीकडे बोट केले. चहा आला. त्यांनी तो घेतला नाही. पुन्हा किटलीकडे बोट, मग इंजिनाकडे, मग किटलीकडे. मी कप त्यांच्या ओठांशी नेला तेव्हा त्यांनी मान फिरवली आणि चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. दमले आहेत, असे मी सगळ्यांना सांगितले. उन्हाने दमले आहेत. रुमालाने मी त्यांची छाती पुसत होते आणि ते माझ्या खांद्यावरून त्या किटलीकडे बघत होते.

परतीच्या वाटेत त्यांनी पेटीवर बोटे वाजवली नाहीत. मी आईला फोन करून सांगितले की बाबांनी काम केले. तार मी बांधली असे म्हणाले नाही, बाबांनी केले असेच म्हणाले. आई फोनवर रडली. रात्रीच्या जेवणाआधी वहीत लिहिले: माती — मरण? भीती?

तेरा दिवसांनी नावाडी पुन्हा आला. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी पट्टी होती. तो ओसरीत बसला. बाबा समोर खुर्चीत होते. मी शनिवारची आले होते. त्याने सगळे खालच्या आवाजात सांगितले. भर दुपारी, जलाशयाच्या मधोमध, टोल्यावरच्या चार बाया नावेत असताना इंजिनातून जळका वास आला. काट्याकडे पाहिले तर तो निम्म्याच्याही खाली, निवांत. म्हणून त्याने वासावर विश्वास ठेवला नाही, काट्यावर ठेवला. आणखी थोडे पुढे नेले. मग इंजिन एकदम आवळून बंद पडले. झाकण उघडायला गेला तर वाफ हातावर आली. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या जाळीत शेवाळ अडकले होते म्हणे. बाया फळ्यांनी वल्हवत उन्हात दोन तास काठाकडे येत होत्या. त्यातली एक गरोदर होती. काही झाले नाही, म्हणाला, वाचलो. इंजिन मात्र गेले. नाव काठावर उलटी ठेवली आहे आणि टोल्यावरच्या बाया आता डोंगराला वळसा घालून येतात.

तो तक्रार करायला आला नव्हता. मिस्त्रींनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू नये, म्हणून आला होता. पण मी घाईने, त्याचे मन राखावे, त्याची पट्टी माझ्या डोळ्यांसमोरून जावी म्हणून, एक वाक्य बोलले. ते वाक्य मी कविता शिकवताना, पेपर तपासताना, आंघोळीचे पाणी अंगावर घेताना आजही ऐकते.

“तुम्ही मनावर नका घेऊ. बाबाले आता काही समजत नाही.”

बाबा माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांचा कान पूर्ण शाबूत होता. डॉक्टर तेवढे एक खात्रीने म्हणाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मांडीवरच्या उजव्या, मेलेल्या हाताकडे पाहिले, डाव्या हाताने तो उचलला आणि नीट ठेवला, जशी एखादी दुरुस्त न होणारी वस्तू फळीवर ठेवतात.

त्या दिवसापासून ते बोलायचे थांबले. पाना नाही, बोनेट नाही. आई ताट घेऊन जाई आणि मुद्दाम विचारे, कोण आलं सांगा बरं. ते घास घेत. वहीची पाने कोरी पडू लागली. गावात बोलणे पसरले. पांढुर्ण्यात बोलणे नदी ओलांडून सावरगावला जायला वेळ लागत नाही. मिस्त्रीचे डोके गेले, पोरगी उगाच मिरवायला घेऊन गेली. मी ते नाकारले नाही. मला उत्तर मिळाले होते. इंजिनच गेले होते. मग एका शनिवारी मी पहिल्यांदा घरी आले नाही.

वैशाखात समितीने नागपूरहून नावांच्या इंजिनांचा कारागीर बोलावला. नावाड्याने मला कळवले, आणि मी सौंसरहून जाऊन काठावर उभी राहिले. का गेले ते सांगता येत नाही. कदाचित कोणी मला रागावेल, या आशेने. कारागिराने पॅनेल उघडले आणि माझी तार दोन बोटांत धरली.

“हे कोणी बांधलं?”

नावाड्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, मी.

त्याने बोटाने नावेच्या अंगावर टकटक केले. तोच पोकळ आवाज. मला समजावे म्हणून तो त्याने पुन्हा केला. मग म्हणाला, “फायबरले अर्थ नसते, मॅडम. हे काय ट्रॅक्टर हाय? इथं तार सीधी बॅटरीवर न्या लागते.” त्याने पुढचेही सांगितले, शिकवावे तसे. माझी लोखंडी चौकट फायबरमध्ये स्क्रूने बसवलेली होती, ती कशालाच जोडलेली नव्हती. गती वाढवण्याची एक जुनी केबल तिला घासत होती. तिच्या आवरणातून वीज लंगडत परत जात होती. म्हणून काटा मेला नाही, नुसता थंड बोलत राहिला. “बांधल्यावर गरम पाण्यात टाकून पाहिलं असतं तं तेव्हाच समजलं असतं,” तो म्हणाला, आणि पाना शोधू लागला.

मी काठावरच्या दगडावर बसले. पाण्यावरून शेवाळाचा वास येत होता. 

माती नाही. अर्थ नाही. साहेबाच्या भाषेत ‘अर्थ’ म्हणजे मातीच; तो शब्द बाबांना सापडला नव्हता. त्याच्या शेजारच्या घरातला सापडला. एक घर सोडून, नेहमीसारखा. ज्या मातीत त्यांनी तांब्याची पट्टी पुरली, जिला मी दहा उन्हाळे पाणी घातले, ती. मी त्या शब्दाला इतकी वर्षे कवितेत फिरवले होते की त्याचे पाय जमिनीत आहेत हे विसरून गेले होते. आणि किटली. किटली तर मूल असतानाही मला कळत असे.

पांढुर्ण्याला पोहोचले तेव्हा ऊन कलले होते. आई ओसरीत तांदूळ निवडत होती. मी तिला सगळे सांगितले, एका दमात, उभ्यानेच. तिचा हात सुपात थांबला. ती म्हणाली, “मंग त्यायले सांग. मले कायले सांगून राहिली?”

बाबा अंगणात खुर्चीवर होते. मी त्यांच्यापुढे खाली बसले. तुम्ही बरोबर होता, म्हटले. फायबरला अर्थ नसतो, तुम्ही तेच सांगत होता, मी चुकीचे बांधले, आणि नावाड्यासमोर तुमच्याबद्दल जे बोलले ते खोटे होते. मी नावाड्याला सांगितले, सगळ्यांना सांगेन. वही उघडून त्यांना ती ओळ दाखवली आणि त्यांच्यासमोर खोडली. पुन्हा बोला, बाबा. मी नीट ऐकते. ते फरशीकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तो धरून वर आले असते. तिथे काहीच नव्हते, किंवा जे होते ते आता माझ्यासाठी नव्हते.

मग मला काय सुचले कोण जाणे. मी उठले, हौदातून बादली भरली आणि अंगणातल्या अर्थाच्या कोपऱ्याकडे गेले. मला त्यांना दाखवायचे होते की मला कळले आहे. शब्दांनी दाखवण्याचा हक्क मी गमावला होता. त्यांनी मान वळवली. कितीतरी आठवड्यांनी त्यांचे डोळे माझ्या मागे आले. मी बादली कलती केली.

पाणी फरशीवर पडले. सपाट, गुळगुळीत, मीच बसवून घेतलेल्या फरशीवर. खड्डा तिच्या खाली कुठेतरी होता. कुठे, ते आता सांगता येत नव्हते. पाणी क्षणभर चमकले, उतार शोधत खुर्चीच्या चाकांपाशी आले, चाकांना वळसा घालून नालीकडे निघून गेले. कोळशाचा वास आला नाही. मी रिकामी बादली धरून उभी राहिले. बाबांनी पाण्याची ती ओली वाट शेवटपर्यंत पाहिली, मग माझ्याकडे पाहिले, आणि स्पष्ट, न अडखळता म्हणाले,

“माती.”